शिट्टी माझ्याही गळ्यात होती

पास्कल सर,

परवा इथे मस्कतला, अझैबाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मला बोलायला पाच मिनिटं दिली होती, मी दीड मिनिटात खाली बसले. सरांनी मला फुटबॉल शिकवला, त्यांची मी ऋणी आहे, एवढंच बोलले. लोकांना वाटलं, वृंदा मॅडमचा गळा दाटून आला. दाटला होता हे खरं, पण कशाने, ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या मागे तुमचा मोठा फोटो होता आणि त्याखाली कापडी बॅनरवर छापलं होतं, 'आपल्या शाळेतील मुलींच्या फुटबॉलचे जनक'. समोर पहिल्या रांगेत तुमची बायको, ल्युसी होती. वसईला तुम्हाला माती देऊन ती आठ दिवसांपूर्वीच घर आवरायला परत आली आहे. तिच्याकडे बघितलं आणि बसले. उरलेली साडेतीन मिनिटं इथे वापरते.

ऋणी आहे म्हणाले ते खोटं नाही. मी पुण्याची, खो-खोतली. लग्न होऊन सुधीरच्या व्हिसावर मस्कतला आले आणि वर्षभर मदिनत सुलतान काबूस भागातल्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरचे काळे डोंगर बघत बसले. मग शाळेत पीटी टीचरची जागा निघाली. तुम्ही तिथे माझ्या नऊ वर्षं आधीपासून होता. तुम्ही आलात तेव्हा मैदान म्हणजे नुसता दगडांचा माळ होता. एक अख्खा हिवाळा पोरांना रांगेत चालवून तुम्ही दगड वेचलेत. चुन्याच्या रेघा वाऱ्याने उडायच्या म्हणून खिळे ठोकून सुतळी लावलीत. कोच तुम्ही, बस ठरवणारे तुम्ही, गुडघ्याला पट्टी बांधणारे तुम्ही, हरल्यावर पालकांचं ऐकून घेणारेही तुम्हीच. त्याआधी मुंबईत एका बँकेच्या संघात लेफ्ट-हाफ खेळायचात. गुडघा गेला तेव्हा नोकरी कायम झालेली नव्हती, म्हणून गल्फ. हे सगळं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलंत, उभ्या उभ्या, तोंडातली शिट्टी न काढता.

शाळेत सगळ्या बायकांना मॅडम म्हणायचे. तुम्ही मला बाई म्हणायचात, वसईला शिक्षिकेला म्हणतात तसं. तुमचं ऐकून मैदानावरची पोरंही बाईच म्हणायला लागली. मला ते आवडायचं. तुमच्या तोंडून ते हुद्द्यासारखं वाटायचं.

ऑफसाइड मला कागदावर कळेना. तुम्ही मला मैदानाच्या कडेला झेंडा देऊन उभं केलंत आणि नववीच्या पोरांना पळायला लावलंत. मी चुकत गेले आणि तुम्ही काही न बोलता पोरांना परत मागे पाठवत राहिलात. अर्ध्या तासाने झेंडा बरोबर वेळी वर गेला. तेव्हा तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. म्हणालात, आता बॉल बघू नका, दोन नंबरच्या पायाकडे बघा, तो दमलाय. दमलेला माणूस पायातून कसा ओळखायचा, हे मी तुमच्याकडून शिकले. पुढचं सगळं लिहिताना मला हेच आठवतंय, आणि म्हणूनच राग येतोय.

मुलींचा संघ काढायचा हे माझ्या डोक्यातलं होतं. तुम्ही आधी नाही म्हणालात. मुली येतील, आठ दिवस हसतील, मग एकेकीची आई चिठ्ठी पाठवेल. आयांनी चिठ्ठ्या पाठवल्याच. मी घरोघरी गेले. कुणाला हाफ पँटची हरकत होती, कुणाला पोरगी उन्हात रापेल याची. हाफ पँटच्या जागी ट्रॅक पँट केली, सरावाची वेळ दुपारी चारवर ढकलली. उन्हाचं काही करता आलं नाही. चौदा मुली जमल्या. मग तुम्हीही यायला लागलात, आधी लांब उभे राहून, मग आत. आठवीतल्या अनघाचे बाबा ऐकेनात, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर त्यांच्या घरी आलात. त्यांना म्हणालात, साहेब, मुलगी पडली तर मी उचलीन, तुम्ही फक्त पाठवा.

नोटीस बोर्डावर 'मुलींचा संघ, प्रमुख' म्हणून माझं नाव लागावं यासाठी मी प्रिन्सिपलांशी दोन महिने भांडले. तुम्ही म्हणायचात, कागदाचं काय घेऊन बसलात, बाई, काम करा. मला कागद हवा होता. मिळाला. पुढे त्याच कागदाने माझा गळा कापला. ती धार मीच लावून घेतली होती, त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही.

एप्रिलमधली ती दुपार. स्पर्धेला दहा दिवस राहिले होते आणि आदल्या दिवशी सरावाच्या सामन्यात दुसऱ्या एका शाळेने आपल्याला पाच गोलांनी हरवलं होतं. तुम्ही चिडला होता. हवा अंगाला चिकटत होती, पाण्याचे कॅन कोमट झाले होते. मैदानाला मुलींच्या सहा फेऱ्या झाल्या. मी म्हणाले, पुरे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "अजून दोन फेऱ्या, बाई. जरा लाज वाटू दे त्यांना."

मी अनघाच्या पायांकडे बघितलं. डावा पाय फरफटत होता. हे बघायला तुम्हीच शिकवलं होतंत. माझ्याही गळ्यात शिट्टी होती. मी ती वाजवली नाही. तुम्ही सीनियर होता, मुलींसमोर तुमचा शब्द मोडायला नको असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही त्या पाच गोलांचा राग होता. दुसऱ्या फेरीत कॉर्नरपाशी ती पडली. तोंड पांढरं पडलेलं, अंगाला घामाचा थेंब नाही, डोळे उघडे पण ओळख नाही. तुम्ही तिला उचललंत. तुमची गाडी, मागच्या सीटवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन, कुणाचीतरी ट्रॅक पँट पाण्यात भिजवून तिच्या मानेवर. तुम्ही एक सिग्नल तोडलात. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही भिंतीला टेकून जपमाळ ओढत होतात. त्या संध्याकाळी तुमच्याइतकं जवळचं माणूस मला मस्कतमध्ये दुसरं नव्हतं. सुधीरसुद्धा नाही.

दोन दिवस सलाइन लागलं. अनघा वाचली, बरी झाली.

तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपलांनी आपल्याला वेगवेगळं बोलावलं. आधी तुम्हाला. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या बाजूने न येता ट्रॉफ्यांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिलात. मी आत गेले. त्यांनी तुमचा लेखी जबाब वाचून दाखवला. मुलींचं ट्रेनिंग वृंदा मॅडम बघतात, मी मुलांचं बघतो, त्या दिवशी मी मैदानावर होतो पण सूचना त्यांच्या होत्या. मी सांगितलं की फेऱ्या सरांनी वाढवल्या, मी पुरे म्हणाले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमच्याकडे शिट्टी नव्हती का?

उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. मुलींचा संघ बंद झाला. मी बाहेर आले तेव्हा कपाटापाशी कुणी नव्हतं.

घरी सुधीर म्हणाला, बरं झालं, तुझी दगदग वाचली. त्याला वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण पगार त्याचा होता, घर त्याच्यावर चाललं होतं, मग काय बिघडलं, असा त्याचा सरळ विचार. त्यानंतर मी दोन शाळांत अर्ज केले. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सोडली. इथली आपली माणसं केवढी, मूठभर. त्यांना कारण माहीत होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तिसरा अर्ज मी केला नाही. बिल्डिंगमधल्या बायकांना योगासनं शिकवली. केक शिकले. दोन्ही बऱ्यापैकी जमतात.

तुमच्या मुलांच्या संघाने पुढच्याच वर्षी आंतरशालेय कप जिंकला. पेपरात फोटो आला, तुम्ही कप धरलाय आणि कॅमेऱ्याकडे न बघता खाली बघताय. काही वर्षांनी नवे प्रिन्सिपल आले, मुलींचा संघ पुन्हा सुरू झाला, तुमच्या हाताखाली. 'जनक' तिथून आलं असावं.

आपण भेटत राहिलो. मस्कतमध्ये न भेटून जमत नाही. गणपतीच्या आरतीला तुम्ही मागे उभे असायचात, ख्रिसमसला ल्युसी केक पाठवायची. एकदा अल मवालेहच्या बाजारात मी कांद्याची गोणी बघत होते. तुम्ही वसईहून नुकतेच आला होता. एक शब्द न बोलता तुम्ही माझ्या पिशवीत सुकेळ्यांचं, तुमच्याकडच्या त्या सुकवलेल्या केळ्यांचं, पाकीट टाकलंत आणि निघून गेलात. सुकेळी मला फार आवडायची हे तुम्हाला ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये दर सुट्टीनंतर मीच ती संपवायचे. घरी येऊन मी पाकीट फोडलं नाही. सुधीरने फोडलं, आवडीने खाल्लं, सरांना थँक्स सांग म्हणाला.

अठरा वर्षं असं चाललं. मग या सप्टेंबरात ल्युसीचा फोन आला, सर तुमचं नाव काढतात, एकदा येऊन जा. तुमच्या आजाराचं मला कळलं होतं. किती खंगला असाल याची कल्पना नव्हती. तुम्ही सोफ्यावर उशांना टेकून होतात, समोर टीव्हीवर कुठलीतरी मॅच, आवाज बंद. तुम्ही मला त्यातल्या एका लेफ्ट-हाफचे पाय दाखवलेत. मी म्हणाले, दमलाय. तुम्ही हसलात. ल्युसी सरबत करायला आत गेली आणि मी विचारलं. अठरा वर्षं घोळवलेलं वाक्य होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "का केलंत, सर?"

कशाबद्दल, असं तुम्ही विचारलं नाहीत. त्याबद्दल तुमचा मान ठेवते. तुम्ही म्हणालात, "बाई, माझ्या व्हिसावर चार माणसं होती. मला काढलं असतं तर महिन्याभरात सगळ्यांना घेऊन वसई. तुम्ही सुधीरच्या व्हिसावर होता. तुम्हाला कुठे जायला लागणार नव्हतं." मग दम खाल्लात आणि खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलंत, "तुमचं काय गेलं, बाई?"

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता. तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत होतं की दोन माणसं बुडत होती आणि एकीला पोहता येत होतं. मी पर्स उचलली. ल्युसी सरबताचे ग्लास घेऊन बाहेर आली तेव्हा मी चपला घालत होते. तिला सांगितलं, घाई आहे. घाई कसली, घरी जाऊन कपडे वाळत घातले. अकरा दिवसांनी तुम्ही गेलात.

उत्तर आता देते. माझं काम गेलं, सर. तुमचं जे वाचलं, तेच माझं गेलं. चार वाजता मैदानाच्या फाटकातून आत शिरण्याचा हक्क गेला. बाजारात पोरं लांबून 'बाई' म्हणून ओरडायची, ती थांबली, मी सुधीरची मिसेस झाले. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा जो पांढरा डाग होता तो वर्षभरात बाकीच्या हातात मिसळून गेला आणि तो गेला हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी हा देश सोडला नाही, घर सोडलं नाही, जेवण चुकलं नाही. म्हणून ते जाणं मोजलंच गेलं नाही. तुम्ही काढून टाकले गेला असतात तर सगळ्या समाजाने एअरपोर्टवर येऊन हळहळ केली असती. मला काढलं तर लोक म्हणाले, आता जरा घराकडे बघता येईल.

चार माणसं होती, हे मला पटतं. तेच तर वाईट आहे. तुमच्या जागी मी काय केलं असतं हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय आणि दर वेळी चांगलं उत्तर येत नाही. पण मी नंतर दार वाजवलं असतं. एकदा तरी येऊन म्हणाले असते, मी तुमचा बळी दिला, मला माहीत आहे. तुम्ही सुकेळी दिलीत.

एवढ्यावर हे पत्र संपवता आलं असतं. पण परवा सभेनंतर जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यावरून दुसऱ्या कुणाशी भांडता येत नाही.

मी पार्किंगमध्ये सुधीरची वाट बघत होते. एक तिशीची बाई जवळ आली, कडेवर मूल. म्हणाली, बाई, ओळखलं? मी पायांकडे बघितलं आणि ओळखलं. अनघा. इथेच एका कंपनीत आहे, लग्न होऊन परत आली आहे. तिचं मराठी तेव्हाही अडखळतच होतं, अजून तसंच आहे. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला का सोडलं? सर म्हणाले, शी गॉट टायर्ड. तुम्हाला आमचा कंटाळा आला."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिने परत सांगितलं. मी यायची बंद झाल्यावर मुलींनी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की बाईंना आता हे जमत नाही, घरचं असतं, त्या दमल्या.

प्रिन्सिपलांपुढे तुम्ही नोकरीसाठी बोललात. मुलींपुढे कशासाठी? तेरा वर्षांच्या मुली काही तुमचा व्हिसा काढून घेणार नव्हत्या.

मी तिला सगळं सांगितलं, सर. तिथेच, गाडीला टेकून, तुमची माणसं हॉलमधून खुर्च्या बाहेर काढत असताना. जबाब, नोटीस बोर्ड, शिट्टी, सगळं. शिट्टी वाजवली नाही हेही सांगितलं, आणि त्याची तिची माफी मागितली. ती म्हणाली, पण तुम्ही पुरे म्हणाला होतात, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मी घरी ते सांगितलंही होतं. बाबा म्हणाले, मोठ्यांच्या भानगडीत बोलू नकोस. तिच्या बाबांनासुद्धा इथेच राहायचं होतं.

मग तिने मला विचारलं की मी एकीला तरी फोन का केला नाही. सगळ्यांच्या घरी मी जाऊन आले होते, नंबर माझ्या वहीत होते. मी म्हणाले, लाज वाटत होती. मूल चुळबुळ करायला लागलं तशी ती त्याला थोपटत म्हणाली, "आम्ही रोज ग्राउंडवर यायचो, बाई. सुट्टी लागेपर्यंत. सर गेटपाशी यायचे आणि परत पाठवायचे."

रोज. एप्रिल संपेपर्यंत, मग अख्खा मे, इथे सुट्टी जूनमध्ये लागते. शूज घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, मी येईन म्हणून. मी तेव्हा तिथून पंधरा मिनिटांवर खिडकीत बसून समजत होते की त्यांच्या आयांनी सुटकेचा श्वास सोडला असेल आणि मुली मला विसरल्या असतील. त्या रोज येतात हे जगात एकाच मोठ्या माणसाला माहीत होतं. माझा नंबर तुम्हाला पाठ होता. मुली थांबल्यात, बाई, एवढं बोलला असतात तर जबाबातलं एक अक्षरही बदलावं लागलं नसतं. मी फाटकाबाहेर उभी राहून त्यांच्याशी बोलले असते आणि घरी गेले असते.

ल्युसीला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पुढच्या आठवड्यात ती कायमची वसईला जाते आहे. तिचं सामान बांधायला मी जाईन. जबाबाचं मी समजून घेईन, सर. अर्धं घेतलंय, उरलेलं जमेल तसं घेईन. गेटपाशी उभे राहून चौदा मुलींना रोज परत पाठवलंत, ते मात्र नाही.

— वृंदा